नेढं बघायला चौघं

४ नोव्हेंबर, सोमवार

क्रेट घातला त्याच्या डोक्यात. रिकामा होता म्हणून वाचला.

दुकानातून येत होते. अंगावर ॲप्रन तसाच, हातात कोंबड्यांचा रिकामा क्रेट – मोरीत बादल्या ठेवायला शेठकडून मागून आणलेला. बघते तर दार सताड उघडं आणि आत खुर्चीत पाय पसरून आमचे जावई! फोटोवाला! समोर माझी ठकी भिंतीला चिकटून उभी, पालीसारखी.

पोरगी घरी येऊन एकोणीस दिवस झाले. दोन बरगड्यांना तडा. डॉक्टरीणबाई म्हणाली, पडून असं होत नाही. मला सांगते! मी रोज तीनशे कोंबड्या कापते, हाड कशानं मोडतं ते मला शिकवते! चेहऱ्यावर मात्र ओरखडासुद्धा नाही. लग्नाचे फोटो काढायचा धंदा ना त्याचा. कुठे मारलेलं फोटोत येत नाही ते त्याला पक्कं ठाऊक.

"आई, ठकीला न्यायला आलोय." जिभेवर साखर.

घातला क्रेट. कपाळ फुटलं. त्यानं घडी केलेला रुमाल काढला, रक्त टिपलं आणि हसला! "आई, तुमचा हात मस्त बसतो हं." दुसरा घालणार तेवढ्यात ठकी मध्ये आली – "आई, पुरे!" तिच्याही कानाखाली एक काढली. हीच वेळ सापडली तोंड उघडायला? एकोणीस दिवस मुकी आणि आज नवऱ्यासाठी वाचा फुटली!

आमचे उस्ताद मोरीपाशी. गॅरेजात सगळे ह्यांना उस्ताद म्हणतात, ट्रकचा गिअरबॉक्स डोळे मिटून खोलतात म्हणून. घरात तोंड खोलता येत नाही. हाताला साबण लावत होते, लावतच राहिले.

५ नोव्हेंबर

हात सुजला. सुरी धरवत नाही. तरी तीनशे झाल्या.

डॉक्टरीणबाई माझं ब्लडप्रेशर बघून ओरडली. गोळ्या वाढवल्या. वर म्हणते, "हात उचलायच्या आधी वही उचलत जा. आलेलं सगळं कागदावर काढा." चौथीत शाळा सुटली माझी. तिला काय, बोलायला पैसे पडतात? पण उचललीय वही. बघू.

७ नोव्हेंबर, गुरुवार

भावजी आले. ह्यांचे थोरले भाऊ. घरात कुणाचं काही अडलं की हे हजर, बोलावलं नाही तरी. कवळी नवीन आहे, बोलताना टकटक वाजते. फोटोवाल्याला बरोबरच घेऊन आले! त्याच्या कपाळावर पट्टी, पट्टीवर केस नीट ओढलेले.

"झालं ते झालं," भावजी म्हणाले. टक. "नवरा-बायकोचं भांडण. माणसं चार भिंतींत कोंडली की एकमेकांना चावतात. मोकळ्यावर न्या, मोकळी होतात." टक.

मी म्हणाले, "कुत्रं मोकळ्यावर नेलं म्हणून चावायचं थांबतं का?"

"सूनबाई, मी बोलतोय."

"तेच तर."

मग फोटोवाला पुढे सरकला. वाळवंटात ते नेढं आहे ना – अख्ख्या सपाटीत एकच उभा खडक आणि त्याला वर आरपार भोक. संध्याकाळी सूर्य बरोबर त्या भोकात येतो. तिथे ठकीचा फोटो काढायची त्याची फार दिवसांची इच्छा! "सगळेच जाऊ. आई, बाबा, आम्ही दोघं. दोन दिवस. मी गैरसमज दूर करीन." गैरसमज! बरगड्यांचा गैरसमज झाला होता!

भावजींनी निकाल दिला. चौघांनी जायचं. तिकडून येताना ठकीनं त्याच्या घरी उतरायचं. उतरायला नाही म्हणाली, तर भावजी स्वतः वकिलाकडे येतील, फोटोवाल्याला काडीमोडाच्या कागदावर सही करायला लावतील. "पण नाही म्हणायचं तर तिनं म्हणायचं. आईनं नाही."

सगळ्यांनी ठकीकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती.

ते गेल्यावर मी धरलं तिला. "तुला काय हवंय ते एकदा बोल की!"

"मला कोणी विचारलंय?"

"मग आत्ता काय करतेय मी!"

"ओरडतेयस."

तिच्या हातातली वाटी घेतली आणि भिंतीवर मारली. तिच्यावर नाही, भिंतीवर. वही उचलायला तेवढा वेळ नव्हता.

८ नोव्हेंबर

ती नाही म्हणणार नाही. मी ओळखते. त्यानं नुसतं नाव घेतलं तरी हिची मान खाली. त्याच्या उंबऱ्यावर उतरेल, दार लागेल, आणि मग एक दिवस फोन येईल मला – या, घेऊन जा. बरगड्यांवर थांबणारा नाही तो. आधी बोट, मग मनगट, मग बरगड्या. पुढे मानच उरते.

दिवसभर दुकानात हेच डोक्यात. पक्षी नरसाळ्यात उलटा घालायचा, मान खाली ओढायची, एक चीर. नरसाळं म्हणजे पत्र्याचं, खाली निमुळतं, पक्ष्याला आत पंख हलवता येऊ नयेत म्हणून. प्रत्येक मान त्याची दिसत होती. तीनशे वेळा कापला त्याला! हलकं वाटलं. पण घरी येताना परत तेवढंच जड.

शेजारी पिसंवाली असते. मी कापते, ती सोलते. अठरा वर्षं आम्ही शेजारी. म्हणाली, "आज काय गं, सुरी जोरात?" सांगितलं तिला. ती पिसं उपटत ऐकत राहिली. मग म्हणाली, "दांडगा कोंबडा पळवून पकडतात होय? दमशील. दिवा घालव. अंधारात गप बसतो. मग पायाला धरून उचलायचा."

खरं आहे. मी उजेडात क्रेट घेऊन धावले, चुकलं.

दिवा घालवायचा. गोड बोलायचं. नेढ्याला न्यायचं – आणि ठेवून यायचं. तिथून सगळ्यात जवळची चौकी, वाळवंटात शिरतानाची, ती पण साठ किलोमीटर. मध्ये झाड नाही, पाणी नाही, फोन लागत नाही. बसू दे फोटो काढत.

लिहिताना एकही अक्षर वाकडं आलं नाही. बघून ठेवलं मी.

१० नोव्हेंबर, रविवार

उस्तादांना सांगितलं. स्वयंपाकघरात, नळ सोडून, ठकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्याला तिथेच सोडायचा. आपण तिघं परत."

त्यांनी नळ आणखी मोठा केला. मग म्हणाले, "बघू."

बघू! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हाच एक शब्द ऐकतेय. घर घेताना बघू. ठकीचं ह्याच्याशी जमवताना बघू. पण आज दुपारी गॅरेजातली जुनी जीप अंगणात आणून उभी केली. तिच्याखाली घुसले ते दिवे लागेपर्यंत बाहेर आले नाहीत. ठकीला बसवलं पान्हे द्यायला. बाप लेकीला हळू आवाजात काहीतरी सांगत होता. कधी नव्हे ते बोलत होता! बरं वाटलं. मी आले की गप्प.

मी यादी केली. पाण्याचे कॅन सहा. जादा चाकं दोन. दोर, फावडं, वाळूत चाक रुतलं तर खाली घालायला पत्रे. घोंगड्या. बिस्किटं. मेणबत्त्या. माझ्या गोळ्या.

त्याच्यासाठी एक कॅन ठेवायचा की नाही, अजून ठरत नाही. एक ठेवला तर चालत चौकीपर्यंत पोचेल. नाही ठेवला तर खून.

उस्तादांना विचारलं. म्हणाले, "पाणी भरपूर घेऊ." विचारलं काय, सांगतात काय!

१२ नोव्हेंबर

फोटोवाल्याला जेवायला बोलावला. दिवा घालवायचा ना! स्वतः वाढलं. "जावईबापू, घ्या. लाजू नका." तो खूश. जीपची चौकशी केली, वाटेची केली. तिसऱ्यांदा भात घेतला.

मग बघते तर ठकीचा डावा हात टेबलाखाली आणि चेहरा कागदासारखा. वाकून बघितलं. तिची करंगळी त्याच्या मुठीत. मागे वाकवतोय. हळूहळू. आणि वरती बोलतोय काय – "बाबा, वाळूत टायरची हवा कमी ठेवतात ना?"

मी चुलीवरचं पातेलं उचललं, वाढायला म्हणून गेले आणि कढत कढत सगळं त्याच्या मनगटावर ओतलं.

"अगं बाई! हात घसरला! लागलं का हो?"

उभाच राहिला. ओरडला नाही. दात दाबून म्हणाला, "काही नाही आई. होतं असं." डोळे माझ्यावर. त्या डोळ्यांत जे होतं ते मला कळलं. ठकीला ते रोज दिसतं.

त्याच्या हाताला पट्टी बांधायला उस्ताद गेले. मी ठकीला मोरीत नेलं. करंगळी निळी. "आवाज का काढला नाहीस?" म्हणून पाठीत एक गुद्दा घातला. लगेच आठवलं, बरगड्या! वाईट वाटलं. तेल चोळून दिलं.

१३ नोव्हेंबर

ठकीचे केस विंचरत होते. बरगडीमुळे तिला हात वर करता येत नाही. लहान असताना रोज मीच विंचरायची. तेव्हा हलली की फणी डोक्यात. आता हलत नाही. शिकली.

तिला म्हणाले, "घाबरू नकोस. तू त्याच्या घरी उतरणार नाहीस. मी बघून घेते."

"तू काय करणार?"

"ते तुला कशाला हवं?"

तिनं मांडीवर पडलेले केस वेचले. मग म्हणाली, "आई, तिथे निदान कळतं तरी, कधी मारणार ते. दाराला किल्ली लागली की आवाजावरून कळतं."

"आणि इथे?"

मुठीत केस होते. मूठ वळली गेली. जरा जास्तच ओढले गेले असतील, मान मागे आली. पण बोलावं का असं? जन्म दिला, पोट मारून शिकवलं, हिच्यासाठी मी माणूस मारायला निघालेय! मी मारलं असेल लहानपणी. झाडूच्या दांड्यानं मारलं, कोपराला खूण आहे. कोण आई मारत नाही? माझ्या आईनं मला विस्तवानं डागलंय. मी मारते ते मायेनं. तो मारतो ते मारायला.

हे लिहून ठेवते. म्हणजे दिसेल फरक.

१४ नोव्हेंबर

उद्या पहाटे निघायचं. उस्तादांच्या पुढ्यात ताट आदळलं – काहीतरी बोला! शेवटचं तरी बोला! ताट खाली गेलं. वाकून भात गोळा केला त्यांनी. "बघू" पण नाही म्हणाले.

दुकानातली सुरी कापडात गुंडाळून पिशवीत घातली. गोड बोलून नाही जमलं तर.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चौदा तास जीप. अंग खिळखिळं. हे चौकीवर लिहितेय, बाकावर बसून, दिवस मावळायचाय अजून.

पुढे उस्ताद आणि फोटोवाला, मागे आम्ही दोघी आणि कॅन. फोटोवाल्याच्या तोंडाला टाळं नाही. लग्नांतल्या गमती सांगत होता. कुठला नवरदेव खुर्चीवरून पडला, कुठली विहीण फोटोसाठी चारदा साडी बदलून आली. आणि सांगते खरं – दोनदा हसू आलं मला! असा आहे तो. ह्यामुळेच तर दिली पोरगी.

दुपारनंतर घरं संपली. मग झाडं संपली. मग रस्ता पण नावापुरता. एक बकरी दिसली, ती पण मेलेली.

चौकीवाला म्हातारा, एक डोळा पांढरा. वहीत चौघांची नावं लिहिली. "चार आत, चार बाहेर. कमी भरले तर मला शोधायला निघावं लागतं आणि मला कंटाळा येतो." फोटोवाला मोठ्यानं हसला. मी आधीच पढवून ठेवलंय स्वतःला. उद्या म्हणायचं, आमचे जावई रात्रीच्या चांदण्यांचे फोटो काढायला मागे राहिलेत, परवा घ्यायला येतो. दहा वेळा मनात म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही मला, तोंडावर बोलायची आहे.

ठकी एकटी दाराशी बसली होती. चौकीवाल्याला विचारत होती, बस किती वाजता येते इथे. चौकीवाला म्हणाला, बस पहाटे एकदा. बोलतेय तरी कुणाशी, म्हणून मी सोडलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हात ठणकतोय पण आत्ताच लिहिते. दुसरं करायला काय आहे?

दुपारी तीनला पोचलो. लांबून दिसायला लागतं ते. सपाट, सपाट, सपाट, आणि मध्ये एकच खडक, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. वर भोक. पलीकडचं आभाळ त्यातून दिसतं. मी पण बघत राहिले. एवढा मोठा दगड पोखरायला वाऱ्याला किती वर्षं लागली असतील! थांबला नसेल मधे.

फोटोवाला लगेच ठकीला घेऊन वर चढला. पुढून चढता येतं, दगड पायऱ्यांसारखे आहेत. मागच्या बाजूला सरळ कडा, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. उस्ताद जीपपाशी. कॅन उतरवत होते – सगळे! मी ओरडले, "कशाला उतरवताय? जायचंय लगेच!" ऐकलं नाही.

मी खडकाच्या बुडाशी बसले. भोकातून आवाज नळीतून आल्यासारखा खाली येतो. सगळं ऐकू येत होतं.

"जरा मागे. अजून मागे. हं."

मग – "इथून सरळ आपल्या घरी जायचं. म्हण."

ठकीचा आवाज नाही.

"म्हण, येते."

वर बघितलं. ती भोकाच्या पार मागच्या टोकाला, पाठ आभाळाकडे. त्याच्या हातात तिची वेणी. वेणी मनगटाला दोनदा गुंडाळलेली. दुसऱ्या हाताची दोनच बोटं तिच्या छातीला लावलेली. दोन बोटं! त्यांनी ढकलायचा, वेणीनं ओढायचा. तिचा एक पाय दगडावरून सुटला.

"सोडू? की येतेस?"

पिशवीत हात घातला. कापड होतं. सुरी नव्हती! आत काय तर बिस्किटाचा पुडा. कोणी काढली, तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. चढले. गुडघे फुटले, नखं गेली. वर पोचले तर त्याची पाठ माझ्याकडे, कॅमेरा पट्ट्यानं खांद्याला. धरला पट्टा, ओढला आतल्या बाजूला, आणि तोच कॅमेरा घुमवून त्याच्या जबड्यावर! दात पडलेला ऐकू आला. वेणी सुटली. ठकी गुडघ्यावर आली, माझ्या अंगावरूनच खाली सरकत गेली.

मग मी त्याला सोडला नाही. तो मला, मी त्याला. आतापर्यंत त्यानं माझ्यावर हात उचलला नव्हता. आज उचलला. पोटात लाथ घातली. मी त्याचा कान धरला दातांत. दोघं गडगडत त्या पायऱ्यांवरून खाली, वाळूत. त्याचा एक हात माझ्या गळ्यावर. माझ्या मुठीत वाळू, ती त्याच्या डोळ्यांत भरली. आंधळा झाला तेव्हा दगड शोधला. सापडला. दोन्ही हातांनी उचलला. ह्या वेळी रिकामा क्रेट नव्हता!

पाठीमागून कुणीतरी कंबरेला मिठी घातली. उस्ताद! मला धरलं! त्याला नाही, मला! "टाक तो. मरेल तो. टाक."

"मरू दे!"

"टाक गं."

दगड ह्यांच्या पायावर टाकला. कोपर मारलं नाकावर. मिठी सोडली नाही. फोटोवाला आंधळ्यासारखा हात फिरवत आला, त्याचा गुद्दा मला लागायचा तो ह्यांना लागला. तिघं वाळूत. कोण कुणाला मारतंय कळत नव्हतं. शब्द नाही, नुसते श्वास.

तेव्हा इंजिन सुरू झालं.

तिघं थांबलो. तसेच. माझा हात फोटोवाल्याच्या केसांत, त्याचा गुडघा ह्यांच्या बरगडीत. मान वळवून बघितलं. जीप मागे आली, वळली. गिअर पडला – खडखड नाही, अलगद. ठकी! ठकीला जीप येते हे मला माहीतच नव्हतं! तिनं आमच्याकडे एकदा बघितलं. घाईनं नाही. खिडकीची काच वर केली आणि गेली.

धूळ बराच वेळ दिसत होती. मग ती पण नाही.

फोटोवाला धावला. पाव मैल असेल. परत आला, गुडघ्यावर बसून रडला, शिव्या दिल्या. तिला, मला, जीपला. कान लोंबत होता. मी मारला नाही. अंगातली शक्तीच गेली होती.

खडकाच्या सावलीत कॅन रांगेत उभे. सहाच्या सहा. घोंगड्या तीन. बिस्किटं. आणि पहिल्या कॅनच्या झाकणावर माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडा ठेवलेला.

ज्याला ठेवून जायचं होतं, त्याच्या शेजारी बसून बिस्किट खातेय! सूर्य भोकात आला होता मघाशी. कुणी बघितलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उन्हं वर आल्यावर चौकीवाला आला, त्याच्या गाडीतून. दुरूनच ओरडला, "तीन! बरोबर आहे!"

म्हणाला, बाई काल संध्याकाळी चौकीवर पोचल्या. जीप नीट लावली, किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाल्या, तिकडे तिघं आहेत, पाणी आहे, पांघरूण आहे. घाई करू नका. सकाळी आधी जेवून मग जा. आज पहाटेच्या बसनं गेल्या.

"कुठे?"

"बस दोन्हीकडे जाते."

मला हसू आलं. पोटात लाथ लागलेली, हसताना दुखलं, तरी हसले. वाचली! आडवी आली नाही, विचारलं नाही, सुटली! फोटोवाल्याला चौकीवाल्यानं मागे बसवला, दोरी नाही बांधली पण स्वतःजवळ काठी घेतली. म्हणाला, बाईंनी काहीतरी कागद दिलाय, तो पुढे ठाण्यात पाठवलाय. फोटोवाल्याचं तोंड उतरलं. मला आणखी हसू आलं.

उस्तादांना म्हणाले, "गाडी कुठे शिकली ही?"

"शिकली असेल."

वाटेत विचार करत बसले. दुकानात नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी सांगते, मोकळ्या पक्ष्यावर नजर ठेव, क्रेटमध्ये गेला त्याच्याकडे बघायचं नाही, तो कुठे जातोय! मी पण तेच केलं. महिनाभर फोटोवाल्यावर नजर. ठकीकडे बघितलंच नाही. कडी तिनं आतून काढली.

पण माझ्याबरोबर यायचं होतं की. फोटोवाल्याला टाकून, आम्हाला घेऊन जायचं होतं. आम्हाला का टाकलं?

१८ नोव्हेंबर

फोन नाही. उस्ताद म्हणतात, करील. त्यांना कसं माहीत?

१९ नोव्हेंबर

भावजी आले होते. दारातूनच परत लावले. कवळी तोंडात राहिली, एवढंच नशीब त्यांचं.

तिची फणी हातात घेऊन बसले. केस अडकलेले आहेत. ओढलेले.

२० नोव्हेंबर, बुधवार

ठाण्यात बोलावलं होतं. मला वाटलं साक्षीला. चौकीवर दिलेला कागद समोर ठेवला. म्हणाले, वाचता येतं का? मी म्हणाले, येतं. बोट ठेवून वाचला.

मारणाऱ्यांची नावं दोन. पहिलं नवऱ्याचं. दुसरं माझं.

खाली सही ठकीची. वरचं सगळं अक्षर उस्तादांचं. कुठे खाडाखोड नाही.